फोटो दिसतात, पण नवीन टाकता येत नाहीत

प्रश्न: घरी राउटरजवळ रास्पबेरी पाय (लिनक्सवर चालणारा छोटासा कॉम्प्युटर) ठेवलाय, त्याला २ टीबीची यूएसबी हार्ड डिस्क लावून सांबाने (नेटवर्कवर फाइल्स वाटणारा प्रोग्राम) शेअर केलीये, म्हणजे लॅपटॉप मोबाईल सगळ्यांना एकच जागा. जुने फोटो उघडतात, पण नवीन काही टाकायला गेलं की विंडोज म्हणतं परवानगी नाही. सीएचमॉड ७७७ (सगळ्यांना सगळी परवानगी देणारी कमांड) मारलं, एरर नाही पण फरकही नाही. सीएचओन (फाइलचा मालक, ग्रुप बदलणारी कमांड) मारलं तर 'ऑपरेशन नॉट परमिटेड', तेही सुडो लावून, म्हणजे रूट या सर्वाधिकारी युजरच्या हक्काने! डिस्क गेली का? (एक वाचक, सांगली)

उत्तर: डिस्क ठणठणीत आहे, फॉरमॅटबिरमॅट काही करू नका. तुम्ही लिहिलं नाहीये, पण या लक्षणांवरून डिस्क बहुतेक एक्सफॅट (डिस्कवर फाइल्स मांडायची एक पद्धत) आहे, पायवर 'एलएसबीएलके -एफ' मारलं की समोर दिसेल. एक्सफॅटमध्ये फाइलचा मालक कोण, कुणी लिहायचं, हे साठवायची सोयच नाहीये. मग 'एलएस -एल' (फाइल्सची यादी दाखवणारी कमांड) मध्ये मालक रूट आणि ७५५ दिसतं ते कुठून? तर माउंट करताना, म्हणजे डिस्क सिस्टिमला जोडताना, लिनक्स ते सगळ्या फाइल्सना सरसकट चिकटवतं. म्हणून सीएचमॉड गुपचूप गिळलं जातं आणि सीएचओनला रूट असूनही नकार मिळतो, कारण बदल लिहायचा कुठे! ७५५ म्हणजे मालक सोडून बाकीच्यांनी फक्त वाचायचं, आणि सांबा डिस्कवर जातं ते तुम्ही ज्या नावाने लॉगिन केलंय त्या युजरच्या नावाने, त्यामुळे फोटो दिसतात आणि टाकताना अडतं.

उपाय माउंटमध्येच आहे. आधी 'आयडी' कमांडने तुमच्या युजरचा नंबर बघा, पहिला युजर असेल तर शक्यतो १००० असतो. मग एफएसटॅबमध्ये (कुठली डिस्क कशी माउंट करायची ते लिहिलेली फाइल) डिस्कच्या ओळीत यूआयडी=१००० (मालक), जीआयडी=१००० (ग्रुप), उमास्क=०००२ (या दोघांना सोडून बाकीच्यांना लिहायची मनाई) आणि नोफेल असं टाका, नोफेल अशासाठी की डिस्क काढलेली असली तरी पाय बूट होताना अडकू नये. नंतर डिस्क अनमाउंट करून परत माउंट करा, नुसत्या रिमाउंटवर (डिस्क न काढता सेटिंग बदलणं) विसंबू नका.

आता तपासायचं कसं, तर लॅपटॉपवरून नाही. पायवरच त्या युजरने त्या फोल्डरमध्ये 'टच' कमांडने एक रिकामी फाइल बनवा. नाही बनली तर भानगड अजून माउंटचीच आहे, सांबाच्या सेटिंगला हात लावू नका. बनली आणि तरी विंडोज नाही म्हणतंय, तर सांबाकडे वळा, तिथे शेअर मुळातच रीड ओन्ली धरलेलं असतं, 'रीड ओन्ली = नो' लिहावं लागतं, आणि सांबाचा पासवर्डही वेगळा 'एसएमबीपासडब्ल्यूडी -ए' ने बनवावा लागतो. बरेच जण दोन्हीकडे एकदम बदल करत सुटतात आणि मग कशाने चाललं तेच कळत नाही. ते ७७७ चं औषधही नेटवर उगाच फिरतंय, चाललं असतं तरी मी दिलं नसतं, पायवरच्या कुणालाही सगळं पुसता येईल.

डिस्क कायम पायलाच राहणार असेल तर फोटो दुसरीकडे कॉपी करून ईएक्सटी४ (लिनक्सची स्वतःची मांडणी) करणं बरं, तिथे परवानग्या खरोखर साठतात. पण अधूनमधून काढून थेट विंडोज लॅपटॉपला लावत असाल तर एक्सफॅटच ठेवा.

प्रश्न: आमची डिस्क ईएक्सटी४च आहे. मी टाकलेली एक्सेलची फाइल बायकोला उघडते पण सेव्ह होत नाही. (एक वाचक, ठाणे)

उत्तर: सांबा नवीन फाइल ०७४४ ने बनवतं, म्हणजे लिहायचं फक्त मालकाने. दोघांना एका ग्रुपमध्ये घाला, शेअरमध्ये 'फोर्स ग्रुप' ला त्याच ग्रुपचं नाव द्या, 'क्रिएट मास्क' ०६६४ आणि 'डिरेक्टरी मास्क' ०७७५ करा, म्हणजे ग्रुपलाही लिहिता येईल. हे नवीन फाइल्सपुरतं झालं, जुन्यांचा ग्रुप सीएचओनने आणि परवानगी सीएचमॉडने एकदा हाताने बदलावी लागेल. तरीही विंडोज जुनंच रडगाणं गात असेल तर ते जुन्या लॉगिनला धरून बसलंय, लॅपटॉप रिस्टार्ट करा.