‘भूगोल पाठच होत नाही’

दहावीच्या पालकांकडून ही तक्रार नेहमी येते: "बाकी विषय बरे आहेत, पण भूगोल डोक्यात राहतच नाही. स्मरणशक्ती कमी असेल का?" सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी भागातल्या एका आईने मुलीला घेऊन येऊन हेच विचारलं.

मी वही मागितली. भारत आणि ब्राझीलची ‘भौगोलिक कारणे’ सुवाच्य अक्षरात, पिवळ्या हायलायटरने रंगवलेली. नकाशे मात्र कोरे. ब्राझीलच्या ईशान्येला अवर्षण का, विचारल्यावर तिने पूर्ण उत्तर एका दमात म्हणून दाखवलं. त्यातली उच्चभूमी नकाशावर दाखव म्हटलं, तर बोट थेट ॲमेझॉनच्या खोऱ्यात! स्मरणशक्तीचा प्रश्न तिथेच निकालात निघाला.

पुस्तक मिटून विचारलं, "पप्पा काय करतात?"

"गलाई. सोनं-चांदी वितळवून शुद्ध करतात. कोइमतूरला दुकान आहे."

"गाव सोडून एवढ्या लांब?"

"आजोबाच गेले होते. इथं पाऊस कुठं होता?"

"का नव्हता?"

इथे ती अडली. मग महाराष्ट्राचा प्राकृतिक नकाशा पुढे घेतला. अरबी समुद्रावरून येणारे वारे सह्याद्रीला अडतात आणि महाबळेश्वरला वर्षाला 5,000 मिमीहून जास्त पाऊस पडतो. तिथून बोट पूर्वेला सरकवत वाई, मग माण, मग आटपाडी. इथवर येईतो पाऊस 500 मिमीच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "मग ब्राझीलमध्ये पण डोंगराच्या पलीकडं आमच्यासारखंच?" हो, फक्त तिथे वारे अटलांटिकवरून, पूर्वेकडून येतात. पुढचं तीच बोलली. टेंभू योजनेने कृष्णेचं पाणी उचलून आणलं, डाळिंबाच्या बागांना जोर आला, चुलते गावी परतले.

पर्जन्यछाया, म्हणजे डोंगराच्या आडोशाला पाऊस कमी पडणं, एका धड्यात आणि स्थलांतर दुसऱ्या धड्यात, असं शिकवलं की मुलांना दोन्ही परके वाटतात. या मुलीच्या घरात तर पहिल्यामुळेच दुसरं घडलं होतं. वर्गात ते तिला कुणी विचारलंच नव्हतं, याचं मला फार वाईट वाटतं. माणदेशातल्या वर्गात गलाईवाल्यांची किती मुलं असतील!

आईची काळजी मार्कांची होती, आणि ती रास्तच आहे. पेपर 40 गुणांचा, त्यात नकाशाचे प्रश्न ठरलेले. म्हणून सांगितलं, "ताई, तोंडी घेणं तूर्त बंद करा. धडा वाचायच्या आधी त्यातली ठिकाणं कोऱ्या नकाशात भरू दे. मग दोनच प्रश्न विचारा: हे इथेच का, आणि त्यामुळे माणसांनी काय केलं? उत्तर तिच्या शब्दांत आलं की मगच ते वहीत उतरवायचं."

मुलीला वेगळं काम दिलं. कोइमतूरही घाटाच्या पूर्वेलाच, तरी तिथे ऑक्टोबर-नोव्हेंबरात चांगला पाऊस होतो. तो कुठल्या वाऱ्यांनी येतो, हे नकाशात शोधून पप्पांना फोनवर समजावून सांगायचं.