फायनलआधी बचाव कसा बघायचा

भाऊ, फुटबॉलमध्ये दोन संघांचा बचाव तोलताना नुसते खाल्लेले गोल मोजू नको, ते कसे बसले ते बघ. 2006 च्या वर्ल्ड कपमध्ये इटलीने अख्ख्या स्पर्धेत दोनच गोल खाल्ले. एक आत्मघाती, म्हणजे आपल्याच खेळाडूकडून आपल्याच जाळ्यात गेलेला, दुसरा फायनलमधली फ्रान्सच्या झिदानची पेनल्टी. म्हणजे चालू खेळात समोरच्या कोणालाच त्यांच्यावर गोल मारता आला नाही! 2010 च्या स्पेनने बाद फेरीचे चारही सामने 1-0 ने काढले, तेही मुख्यतः चेंडू स्वतःकडे ठेवून. दोन्ही बचाव भक्कम, पण जात वेगळी.

कामठीला सेमीफायनल बघायला जाशील तेव्हा चेंडूमागे डोळे पळवू नको. चेंडू डावीकडे असताना उजवा फुलबॅक, म्हणजे कडेचा बचावपटू, कुठे उभा आहे ते बघ. तो मैदानाच्या कडेच्या लाइनला चिकटून राहिला, तर त्याच्या आणि सेंटरबॅकच्या (मधल्या बचावपटूच्या) फटीतून थ्रू पास गेलाच समज. चेंडू हरवल्यावर मिडफिल्डर (मधल्या फळीतले खेळाडू) मागे पळतात की कमरेवर हात ठेवतात? माझ्या लेखी सगळ्यात मोठी खूण हीच. कॉर्नर किकला गोलच्या दुसऱ्या, लांबच्या पोस्टवर कोण आहे, तेही टिपून ठेव.

आणि आपल्या नागपूरच्या उन्हात शेवटची वीस मिनिटं तर अजिबात सोडू नको. पाय जड झाले की बचावाची रांग तिथेच तुटते.