गॅस ‘संपत’ नसतो, ताई

प्रश्न: आमचा दीड टनाचा स्प्लिट एसी २०१२ चा आहे. गेली दोन वर्षं मार्चमध्ये गॅस भरून घेतला, पण मे उजाडेपर्यंत पुन्हा नुसता वारा. मेकॅनिक म्हणतो, गॅस संपलाय, परत भरू. शेजारी म्हणतात, भंगारात द्या. सासऱ्यांना दमा आहे, रात्री त्यांच्याच खोलीत एसी लागतो. काय करावं, कळत नाही.
(एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: ताई, सत्तावीस वर्षं एसी दुरुस्त करतोय, आणि ‘गॅस संपला’ हे वाक्य ऐकलं की मला अजूनही राग येतो. गॅस म्हणजे स्कूटरमधलं पेट्रोल नव्हे. तो बंद नळीत फिरत राहतो, वर्षानुवर्षं तेवढाच. कमी झाला म्हणजे कुठूनतरी गळतोय. गळती न शोधता दोनदा भरला, तिथे तुमचे पैसे हवेत गेले.

म्हणून निर्णय आज घेऊच नका. आधी गळती शोधायला लावा. नळीत नायट्रोजनचा दाब भरायचा आणि सांध्यांवर साबणाचा फेस लावायचा. जिथे बारीक बुडबुडे फुगत राहतात तिथे गळती. पुष्कळदा त्याआधीच डोळ्यांना दिसतं: फ्लेअर नटाभोवती (तांब्याच्या नळीचं फुलवलेलं टोक जिथे आवळलेलं असतं तो नट) तेलकट, धूळ चिकटलेला काळा डाग. कारण गॅससोबत थोडं तेलही झिरपतं.

डाग नटापाशी असेल तर नशीब समजा. फ्लेअर नवीन करून घ्या, व्हॅक्यूम करून (म्हणजे नळीतली हवा आणि ओल पंपाने ओढून काढून) वजनाने गॅस भरा आणि यंत्र खुशाल वापरा. पण बुडबुडे घरातल्या यंत्राच्या कॉइलवर, म्हणजे हवा गार करणाऱ्या तांब्याच्या नळ्यांच्या जाळीवर, दोन-तीन ठिकाणी आले, तर मी त्यात पैसे घालू देणार नाही. तुमच्याकडे खाडी जवळ, नालेही उघडे. देवघरातली चांदी आठवड्याभरात काळवंडत असेल तर तीच हवा कॉइलचं तांबंही खातेय. एक भोक बुजवलं की शेजारी दुसरं पडतं.

त्यातून तुमच्या यंत्रावरची पट्टी वाचा. आर-२२ लिहिलेलं असण्याची बरीच शक्यता आहे. ओझोनच्या थराला मारक म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानुसार हा गॅस टप्प्याटप्प्याने बंद होतोय. त्यात नव्या जातीचा गॅस घालू म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा, दाब आणि तेल दोन्ही जुळत नाहीत.

विजेचं म्हणाल तर दुकानदार सांगतो तेवढं काही वाचत नाही. जुना एसी रात्री सरासरी तासाला एक युनिट खातो असं धरू, नवा फाइव्ह-स्टार इन्व्हर्टर एसी निम्मं. रोज आठ तास, एकशे वीस रात्री: वाचले साधारण ४८० युनिट. दहा रुपये दराने ४,८०० रुपये. चाळीस हजारांचा एसी नुसत्या बिलावर वसूल व्हायला आठ वर्षं लागतील. म्हणून नट गळत असेल तर घाई नको, असं मी म्हणतो. कॉइल गेली असेल तर मात्र थांबू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, तेवढा हातभार आहेच.

आणखी एक, तुमच्या प्रश्नाला सोडून. गेल्या एप्रिलमध्ये एका आजोबांना ‘कॉम्प्रेसर गेला, नवाच घ्या’ असं सांगितलं गेलं होतं. मी आउटडोअरचं झाकण काढलं तर कॅपॅसिटरचं (कॉम्प्रेसरची मोटर सुरू करायला मदत करणाऱ्या डबीचं) डोकं पुरीसारखं फुगलेलं. काही शेकड्यांचा तो भाग बदलला, एसी सुरू. आजोबांनी नव्यासाठी मुदत ठेव मोडायला काढली होती. तेव्हा यंत्र घुं-घुं करून थांबलं, तर आधी कॅपॅसिटर बघायला लावा.

नवा घेतलात तर जुनी तांब्याची नळी पुन्हा वापरू देऊ नका, आत आर-२२ चं तेल चिकटलेलं असतं. व्हॅक्यूम पंप लावल्याशिवाय गॅस सोडूही देऊ नका. आणि सासऱ्यांच्या खोलीतल्या एसीची जाळी दर पंधरा दिवसांनी धुवा, दम्याच्या माणसाला तिथली धूळ फार जाचते. बुडबुडे कुठे आले, ते कळवा.