रहाडीच्या व्हिडिओवर कॉपीराइट क्लेम आला. कायदा बदलला तर हे थांबेल का?

तुम्ही लिहिलंय की रंगपंचमीला नाशिकच्या तिवंधा चौकातली रहाड (रंगाच्या पाण्याने भरलेला हौद) मोबाइलवर शूट केली, पथकाचं वादन सुरू होतं, मध्येच शेजारच्या डीजेवर सिनेमाचं गाणं लागलं. व्हिडिओ यूट्यूबवर चढवला आणि दोन क्लेम, म्हणजे मालकीचे दावे, आले. एक गाण्यावर, दुसरा चक्क ढोलावर. कायद्यात सुधारणा झाली तर हा त्रास संपेल का, असं विचारताय.

मी पंचवटीत राहतो, पथकांचे आणि मिरवणुकांचे व्हिडिओ करतो. माझं मत सांगतो: कायदा नुसता कडक होऊन तुमचं काही भलं होणार नाही. व्हिडिओ टाकणाऱ्याचं म्हणणं ऐकून घ्यायची सक्ती कायद्यात आली, तरच होईल.

आधी ढोलाचं बघू. ताशाची तर्री सुटते, मग सगळे ढोल एकदम पडतात, मागून झांजा येतात. हा पारंपरिक ठेका कुणा एकाच्या मालकीचा नाही. मात्र एखाद्या कंपनीने तो स्टुडिओत रेकॉर्ड केला, तर त्या रेकॉर्डिंगवर तिचा हक्क 60 वर्षं राहतो. हक्क रेकॉर्डिंगवर, ठेक्यावर नाही. चौकात तुमच्यासमोर पोरांनी तोच ठेका वाजवला आणि तुम्ही तो टिपला, तर तुम्ही कुणाचं काही उचललेलं नाही. हा फरक यंत्राला कळत नाही. यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा 2007 पासून आहे. ती कंपन्यांनी दिलेल्या नमुन्यांशी आवाज जुळवते. समोर कोण वाजवत होतं, हे ती विचारत नाही.

आता आपला कायदा. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 2012 साली मोठी दुरुस्ती झाली. हक्कदाराने लेखी तक्रार केली की प्लॅटफॉर्मने तो मजकूर 21 दिवस बंद ठेवायचा. तेवढ्यात कोर्टाचा आदेश आला नाही, तर परत सुरू करता येतो. तक्रार आल्यावर मजकूर बंद करायला 2013 च्या नियमांनी 36 तासांची मुदत घातली. या सगळ्यात व्हिडिओ टाकणारा कुठे आहे? कुठेच नाही. अमेरिकेच्या 1998 च्या कायद्यात त्याला उलट नोटीस देता येते, आपल्याकडे तशी तरतूदच नाही. प्लॅटफॉर्म स्वतःच्या नियमांनी जेवढं ऐकेल तेवढंच.

युरोपने 2019 मध्ये प्लॅटफॉर्मवरच जबाबदारी टाकली: परवाना घ्या, नाहीतर बेकायदा मजकूर रोखायची शिकस्त करा. साहजिकच गाळणी लावणाऱ्या यंत्रांवरची भिस्त वाढली. पण त्याच निर्देशात असंही आहे की तक्रारीची सोय हवी आणि काढून टाकण्याचा निर्णय माणसाने तपासला पाहिजे. 2022 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की कायदेशीर आणि बेकायदा यांतला फरक न कळणारी गाळणी चालणार नाही. आपल्या सुधारणेत मला नेमकं हेच हवंय.

डीजेच्या गाण्यावर मात्र तुमची बाजू आज लंगडी आहे. कलम 52 नुसार चित्रीकरणात पार्श्वभूमीला एखादं चित्र किंवा शिल्प ओघाने आलं तर तो भंग धरत नाहीत. संगीताला ही सूट नाही! गल्लीत शूटिंग करणारा माणूस स्पीकर बंद करू शकत नाही, तरी दोष त्याचा. ओघाने कानावर पडलेल्या काही सेकंदांच्या गाण्यालाही ती सूट मिळायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

कॉपीराइटच नको, असं मात्र मी कधीच म्हणणार नाही. याच 2012 च्या दुरुस्तीमुळे गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा कंपन्यांना करारात लिहूनही काढून घेता येत नाही. त्यासाठी ती माणसं फार झगडली आहेत.

तोवर तुम्ही काय करायचं? गाण्याचा तुकडा म्यूट करा, त्यावर भांडू नका. ढोलावरच्या क्लेमला मात्र डिस्प्यूट टाकाच. लाइव्ह वादन आहे, अमुक चौकात, अमुक तारखेला, स्वतः चित्रित केलं, असं सरळ लिहा. समोरच्याला उत्तर द्यायला 30 दिवस असतात. तो गप्प बसला तर क्लेम आपोआप उठतो. त्याने नाकारलं तर अपील करता येतं. मात्र अपीलानंतर त्याने व्हिडिओ काढायची रीतसर मागणी केली आणि ती ग्राह्य धरली गेली तर चॅनलवर स्ट्राइक, म्हणजे नियमभंगाचा ठपका, बसतो. 90 दिवसांत तीन स्ट्राइक म्हणजे चॅनल जाऊ शकतं, म्हणून खात्री असेल तरच पुढे जा. कुणी विनाकारण कोर्टाची धमकी देत असेल तर आपल्या कायद्याचं कलम 60 आहे, त्याखाली तुम्हीच त्याच्यावर दावा लावू शकता.

आणि मोबाइलमधली मूळ फाइल डिलीट करू नका. पथकप्रमुखाकडून वादन त्यांचंच असल्याचं दोन ओळींचं पत्रही आत्ताच घेऊन ठेवा. गणपतीच्या तयारीला लागल्यावर त्यांना वेळ नसतो.