शिकागोची सेंट पॅट्रिक परेड: आई आणि लहान मुलांना घेऊन जावं का?

जरूर जा. फक्त शनिवारी हिरवी रंगवलेली शिकागो नदी आणि रविवारी परेड असं वेगळं करा, आणि परेड शनिवारची डाउनटाउनची, म्हणजे शहराच्या मध्यभागातली, नव्हे, रविवारची साउथ साइडची, म्हणजे दक्षिण भागातली बघा. सेंट पॅट्रिक हे आयर्लंडचे संत, आणि मार्चमधला त्यांचा सण इथले आयरिश लोक असा साजरा करतात.

तुम्ही लिहिलंय की शिकागोच्या नेपरव्हिल उपनगरात नुकतेच राहायला आलात, मुलं पाच आणि आठ वर्षांची आहेत, मालवणहून आई आल्या आहेत आणि ऑफिसमध्ये सगळे म्हणतात, "तिथे नुसती दारू असते, कशाला जाता!" ते अगदीच खोटं नाही. शनिवारी सकाळपासून डाउनटाउनजवळच्या रिव्हर नॉर्थ भागात बारबाहेर हिरवे टी-शर्ट घातलेल्या पोरांच्या रांगा लागतात. दुपारनंतर त्या भागात मुलांना नेऊच नका. पण ज्यांचा हा सण आहे, ती आयरिश कुटुंबं त्या रांगांमध्ये नसतात. आणि त्यांना न बघता हा सण बघितला असं मी तरी म्हणणार नाही.

आधी नदीचं सांगतो. १९६२ पासून ती रंगवण्याचं काम प्लंबर कामगारांची युनियन (तिची स्थानिक शाखा, लोकल १३०) करते. डाउनटाउनची मोठी परेडही तेच भरवतात. त्या काळी महापौर रिचर्ड डेली नदीकाठ साफ करायच्या मागे लागले होते. नदीत चोरून सांडपाणी कोण सोडतंय ते शोधायला प्लंबर गटारांत रंग ओतून बघायचे. एका प्लंबरची डांगरी त्या रंगाने हिरवी झालेली युनियनच्या प्रमुखांनी पाहिली आणि त्यांच्या डोक्यात ही कल्पना आली. पहिल्या वर्षी शंभर पौंड रंग टाकला, तर नदी आठवडाभर हिरवी राहिली! आता त्याच्या निम्म्यापेक्षाही कमी टाकतात. पर्यावरणवाल्यांनी हरकत घेतल्यावर रंगही बदलला. आताचा वनस्पतीजन्य आहे आणि त्याची कृती युनियन कोणाला सांगत नाही.

सकाळी दहाच्या सुमाराला मोटरबोटी येतात. एका बोटीतली माणसं पीठ चाळायच्या चाळणीने भुकटी पाण्यावर चाळत जातात, आणि ती भुकटी असते नारिंगी. पाण्यावर आधी केशरी डाग दिसतो, मग मागची बोट फेऱ्या मारून पाणी घुसळते आणि बघता बघता झगझगीत हिरवा रंग या काठापासून त्या काठापर्यंत पसरतो. मुलांना हे दाखवायचं असेल तर नऊच्या आत कठडा धरावा लागेल. आईंना एवढा वेळ उभं राहणं जड जाणार असेल तर सरळ एक वाजता जा. रंग काही तास सहज टिकतो आणि तोवर बरीचशी गर्दी परेडसाठी ग्रँट पार्कच्या बाजूला कोलंबस ड्राइव्हवर गेलेली असते.

आता रविवार. साउथ साइड आयरिश परेड वेस्टर्न अव्हेन्यूवर १०३व्या रस्त्यापासून ११५व्या रस्त्यापर्यंत निघते. १९७९ साली तिथल्या दोन कुटुंबांनी गल्लीतली १७ मुलं जमवून ती सुरू केली. लहानपणी आपल्या भागात निघणारी परेड डाउनटाउनला गेली, ती आपल्या मुलांना आपल्याच रस्त्यावर बघायला मिळावी एवढीच इच्छा होती. पुढे ती इतकी फुगली की दारू आणि मारामाऱ्यांपायी २०१० आणि २०११ साली बंद ठेवावी लागली. २०१२ मध्ये परत सुरू झाली ती रस्त्यावर दारूला सक्त मनाई करूनच. म्हणून मी ती सुचवतोय.

बेव्हर्ली आणि मॉर्गन पार्क ही तिथली वस्ती. महापालिकेच्या नोकरदारांना शहराच्या हद्दीतच राहावं लागतं, त्यामुळे इथे पोलिस, अग्निशमन दलातले लोक, शिक्षक खूप. त्यांचीच माणसं परेडमध्ये चालतात आणि त्यांच्याच आज्या फुटपाथवर घडीच्या खुर्च्या टाकून बसलेल्या असतात. अग्निशमन दलाचा बंब आला की मुलं नावाने हाका मारतात, कारण वर बाबा नाहीतर काका असतो. आयरिश नाचाच्या शाळांच्या मुली येतात, डोक्यावर कुरळ्या केसांचे टोप, हात अंगाला ताठ चिकटलेले आणि पाय मात्र विजेसारखे. आणि बॅगपाइप, म्हणजे पिशवीत हवा भरून वाजवायचं वाद्य! ढोल-ताशाचं पथक जवळ येताना छातीत जे होतं, तेच इथेही होतं.

मुलांना आधी थोडा इतिहास सांगून ठेवा. १८३६ ते १८४८ या काळात शिकागोहून निघणारा इलिनॉय-मिशिगन कालवा खणला गेला, तो मोठ्या प्रमाणावर आयरिश मजुरांनी. १८४५ नंतर तिकडच्या गरिबांचं मुख्य अन्न असलेलं बटाट्याचं पीक सडलं, आयर्लंडमध्ये सुमारे दहा लाख माणसं मेली, तेवढीच देश सोडून गेली. त्यांतले बरेच इथे आले. ज्यांना कधीकाळी नोकरी द्यायला लोक तयार नव्हते, त्यांची पतवंडं आज रस्ताभर अभिमानाने चालतात. मला तरी हे बघताना दरवेळी भरून येतं.

आईंना एक मुद्दाम सांगा: आयर्लंडचे दोनदा पंतप्रधान झालेले लिओ वराडकर यांच्या वडिलांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. शेजारच्या खुर्चीवर कोणी आजी गप्पा मारायला लागल्या, तर हा विषय काढा. माझ्या सासूबाईंनी काढला होता, आणि पुढचा अर्धा तास दोघी मोडक्यातोडक्या इंग्रजीत आपापल्या नातवंडांबद्दल बोलत होत्या.

जायचं कसं: गाडी नेऊ नका, रस्ते बंद असतात. नेपरव्हिलहून मेट्राने (उपनगरी रेल्वेने) युनियन स्टेशन, तिथून थोडं चालून लासाल स्ट्रीट स्टेशन, आणि रॉक आयलंड लाइनने बेव्हर्ली. त्या शनिवार-रविवारी मेट्रा गाडीत दारू नेऊ देत नाही. खाण्याचं घरून घ्या. सगळीकडे कॉर्न्ड बीफ असतं, म्हणजे गोमांस, ते चालत नसेल तर सोडा ब्रेड (सोडा घालून फुगवलेला आयरिश पाव) आणि लोणी मिळालं तर बघा. मार्चच्या मध्यात ऊन दिसलं तरी वारं हाडात शिरतं. आईंना थर्मल, कानटोपी आणि जाड मोजे हवेतच, आणि घडीची खुर्ची विसरू नका.