ऑनलाइन ऑर्डर आली? आधी जीएसटी क्रमांक बघा

दादा, अनोळखी गिऱ्हाइकाची ऑनलाइन ऑर्डर आली की फसवणुकीची धास्ती वाटणं साहजिक आहे, पण त्यापायी ऑर्डर सोडू नका. अनोळखी घाऊक गिऱ्हाइकाचा जीएसटी क्रमांक मागून घ्या. पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्राचे २७), पुढची दहा अक्षरं पॅनची. जीएसटी पोर्टलवर टाकलात की नाव आणि नोंदणी चालू की रद्द, फुकटात दिसतं. दुकान पुण्याचं सांगतो आणि क्रमांक गुजरातच्या २४ने सुरू? विचारा. गुजरातेतही नोंदणी असू शकते, लगेच चोर ठरवू नका.

पैसे पाठवल्याच्या स्क्रीनशॉटवर माल द्यायचा नाही, कितीही ओळखीचा असो. स्वतःच्या खात्यात रक्कम दिसली की मगच टेम्पो भरा. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही, मागणारा भामटाच. फसलात तर लाजत बसू नका, ताबडतोब सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावा.