सकाळच्या कॉफीने पोटात जळजळ होते. तिच्याऐवजी काय प्यावं?

माझं पहिलं मत नाचणीला. दोन चमचे नाचणीचं पीठ आधी गार पाण्यात कालवा, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. मग उकळत्या पाण्यात सोडून पाच-सात मिनिटं ढवळत शिजवा. मीठ-जिरेपूड घाला किंवा थोडा गूळ. गोव्यात यातच नारळाचं दूध घालून तिझान करतात, तेही छान. यात कॅफीन अजिबात नाही, शिवाय पोटात काहीतरी जातं. रिकाम्या पोटी कॉफी घेतल्यावर अनेकांना जास्त त्रास होतो, म्हणून हे महत्त्वाचं.

कॉफीची कडवट चवच हवी असेल तर नुसत्या चिकोरीची पूड मिळते. दक्षिणेकडच्या फिल्टर कॉफीत मिसळतात तीच. तिच्यातही कॅफीन नसतं. डीकॅफवर मात्र फार विसंबू नका. कॅफीन काढलेली कॉफीही पोटातलं आम्ल वाढवते. धणे-जिऱ्याचं कोमट पाणी साधं आणि सौम्य. लिंबूपाणी आंबट, म्हणून नको. पुदिन्याचा चहा अनेकजण सुचवतात, पण घशाशी आंबट येत असेल तर टाळा, कारण पुदिन्याने अन्ननलिकेच्या तळाची झडप सैल पडते.

कॉफी एकदम तोडू नका, डोकं दुखतं. आठवडा-दोन आठवड्यांत कप हळूहळू लहान करा. आणि गिळताना अडकत असेल, वजन घटत असेल किंवा शौच काळी होत असेल, तर पेयं बदलत बसू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा.